बंडाची गाणी आणि गाळलेली नावे

तारनाक्याच्या चौकातून उस्मानिया विद्यापीठाच्या आवाराकडे जाणारा रस्ता हैदराबादच्या गाण्यांच्या इतिहासात मोलाचा आहे. या आवारात १९३८ साली एका गीतापायी विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि विद्यापीठ सोडावे लागले. २००९ च्या अखेरीस याच आवारात, आर्ट्‌स कॉलेजच्या दगडी इमारतीसमोर, वेगळ्या तेलंगणा राज्यासाठी जमलेल्या विद्यार्थ्यांनी गाण्यांवर आंदोलन तोलून धरले. या दोन टोकांच्या मधल्या सत्तर वर्षांत सत्तेला नको असलेली किती तरी गाणी या शहरात आणि आसपासच्या खेड्यांत जन्मली. अशा गाण्यांचा स्वतःपुरता संग्रह करणे आज सोपे झाले आहे. फोनवर चार-दोन नावे शोधली की तासाभरात यादी तयार होते. पण ती यादी बहुतेक वेळा आवाजांची असते: गद्दर, अमर शेख, आणि पाश्चात्त्य संगीताची आवड असेल तर वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन. माझे म्हणणे असे की बंडखोर गाण्यांचा संग्रह आवाजांच्या नावाने लावला तर त्यातून चुकीचा इतिहास तयार होतो. बंडाच्या गाण्यात सर्वांत आधी गळते ते लिहिणाऱ्याचे नाव, आणि ते परत जागेवर बसवणे हे संग्राहकाचे पहिले काम आहे.

सुरुवात १९३८ पासून करू. निजामाच्या राज्यात त्या वर्षी राजकीय वातावरण तापले होते. स्टेट काँग्रेसवर स्थापनेआधीच बंदी आली होती, स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू झाला होता. नोव्हेंबरात औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या आणि हैदराबादेत उस्मानियाच्या वसतिगृहांतल्या विद्यार्थ्यांनी प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्याचा आग्रह धरला. अधिकाऱ्यांनी मनाई केली, विद्यार्थी हटले नाहीत, आणि शेकडो जणांची नावे पटावरून गेली. त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने प्रवेश दिला. मराठवाड्यातली मराठी मुले आणि तेलंगणातली तेलुगू मुले एका गीतासाठी एकत्र राज्याबाहेर पडली. मराठवाड्याच्या मुक्तिलढ्यातल्या कार्यकर्त्यांची एक पिढीच या प्रसंगातून घडली. इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. गाण्यावर मनाई आली, गाणारे काढले गेले, तरी हे गीत बंकिमचंद्रांचे आहे याविषयी कुणाच्या मनात शंका नव्हती. हे गीत असलेली त्यांची ‘आनंदमठ’ कादंबरी १८८२ साली ग्रंथरूपाने आली होती. छापलेल्या पानावर लेखकाचे नाव होते आणि कोणत्याही फर्मानाला ते पुसता येणार नव्हते.

तोंडी फिरणाऱ्या गाण्याला असे संरक्षण नसते. छापील आणि मौखिक यांच्यातला हा फरक पुढच्या दशकात ठळक दिसतो. उस्मानियातून १९३६ साली एम.ए. झालेले मखदूम मोहिउद्दीन सिटी कॉलेजात शिकवत, कामगार संघटना बांधत आणि उर्दूत कविता लिहीत. ‘सुर्ख सवेरा’ हा त्यांचा संग्रह १९४४ साली निघाला. निजाम आणि जमीनदारांविरुद्धच्या तेलंगणाच्या सशस्त्र लढ्याच्या काळात ते भूमिगत झाले, सरकारच्या लेखी फरारी ठरले. तरीही त्यांची एकही ओळ बेवारस झाली नाही. १९६४ च्या ‘चा चा चा’ चित्रपटात किंवा पुढे १९८२ च्या ‘बाजार’मध्ये त्यांचे शब्द आले तेव्हा ते मखदूमचे म्हणूनच आले. उर्दू मुशायऱ्याची शिस्त, मासिके आणि संग्रह यांनी त्यांचे नाव सांभाळले. त्याच लढ्यात, १९४६ ते १९५१ या वर्षांत, नलगोंडा आणि वरंगळच्या खेड्यांत बंडी यादगिरी आणि सुद्दाला हनुमंतु यांच्यासारखे कवी तेलुगूत गाणी रचत होते. त्यांचा श्रोता बहुतांशी निरक्षर होता, त्यांचा रंगमंच गावाची वेस होता, आणि ‘बुर्रकथा’ व ‘गोल्लसुद्दुलु’ हे लोकगायनाचे प्रकार ही त्यांची साधने होती. जमीनदार देशमुखांच्या वेठीला आणि निजामाच्या शिपायांना ललकारणारे गाणे कागदावर बाळगणे म्हणजे स्वतःविरुद्ध पुरावा खिशात ठेवणे. म्हणून गाणी तोंडातोंडी फिरली आणि फिरता फिरता रचणाऱ्यापासून सुटी झाली.

यादगिरींचे ‘बंडेनक बंडि कट्टि’ हे गाणे आज तेलंगणात सर्वांना ठाऊक आहे, पण बहुतेकांना ते भेटले एका चित्रपटातून. बी. नरसिंग राव यांची निर्मिती आणि गौतम घोष यांचे दिग्दर्शन असलेला ‘मा भूमि’ १९७९ साली आला. कृष्ण चंदर यांच्या ‘जब खेत जागे’ या उर्दू कादंबरीवर तो आधारलेला होता. त्यात घोंगडी पांघरून, हातात काठी घेऊन हे गाणे गाणारा तरुण पडद्यावर दिसला, तो गद्दर. त्या काही मिनिटांनी गाणे अमर केले आणि त्याच मिनिटांनी ते लोकांच्या मनात गद्दरचे करून टाकले. सुद्दाला हनुमंतु यांचे गुराखी मुलावरचे गाणेही याच चित्रपटातून नव्या पिढीपर्यंत गेले. चित्रपटाने या दोघांवर अन्याय केला असे म्हणणे चूक ठरेल. तो नसता तर गाणीच विस्मरणात गेली असती. पण जतन होताना गाण्याची ओळख बदलू शकते, हे या उदाहरणातून कळते.

गद्दर, म्हणजे गुम्मडी विठ्ठल राव, मेदक जिल्ह्यातल्या तूप्रानचे. १९७२ मध्ये उभी राहिलेली जन नाट्य मंडली हे क्रांतिकारी कलापथक; ती त्यांच्या आवाजाने आणि नाचाने आंध्रभर पोहोचली. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर ते भूमिगत झाले. १९९० मध्ये ते उघडपणे परतले तेव्हा हैदराबादच्या निजाम कॉलेजच्या मैदानावर त्यांना ऐकायला अफाट गर्दी लोटली. ६ एप्रिल १९९७ रोजी त्यांच्यावर घरी गोळ्या झाडल्या गेल्या. एक गोळी मणक्यापाशी अखेरपर्यंत राहिली. भूमिगत वर्षांत गायकाला गावात येता येत नव्हते, पण कॅसेट येत होती. एकीवरून दुसरी, दुसरीवरून तिसरी अशी ती उतरवली जाई. कव्हरावर असलाच तर बॉलपेनने लिहिलेला एकच शब्द असे, गायकाचे नाव. अशा कॅसेटी म्हणजे त्या काळचे खासगी संग्रहच होते. त्यांत गद्दरची स्वतःची गाणी होती तशी मंडळीतल्या इतरांचीही होती. आदिलाबाद जिल्ह्यातले कवी गूडा अंजय्या यांचे ‘ऊरु मनदिरा’ हे गाणे शेतमजुराच्या हक्काचे घोषवाक्य बनले, अनेक भाषांत गेले, आणि कित्येक ऐकणारे आजही ते गद्दरचेच समजतात. अंजय्या २०१६ साली गेले. याच्या उलट बाजूही आहे. १९९५ च्या ‘ओरेय रिक्शा’ या चित्रपटातले भावाबहिणीच्या मायेचे लोकप्रिय गाणे वंदेमातरम श्रीनिवास यांच्या आवाजात आहे, पण शब्द गद्दरचे आहेत. त्याबद्दल राज्य सरकारने जाहीर केलेला नंदी पुरस्कार त्यांनी नाकारला. म्हणजे ज्याचा आवाज इतरांच्या शब्दांवर पसरला, त्याचेच शब्द दुसऱ्याच्या आवाजात दडले. व्यक्ती कोणीही असो, प्रक्रिया तीच राहते. कान आवाज ओळखतो आणि हात यादीत तेच नाव लिहितो.

अमेरिकेतल्या ‘आउटलॉ कंट्री’ची गोष्ट इथे उपयोगी पडते, कारण त्या प्रवाहाचे नामकरणच एका संकलनाने पक्के केले. साठच्या दशकात नॅशव्हिल शहरातल्या रेकॉर्ड कंपन्या ग्रामीण वळणाच्या कंट्री संगीताला व्हायोलिनचे ताफे आणि कोरस जोडून गुळगुळीत करत होत्या. गाणे कोणते, वादक कोण, स्टुडिओ कोणता हे कंपनीचा निर्माता ठरवी. १९७२ मध्ये वेलन जेनिंग्जने आर.सी.ए. कंपनीशी नवा करार करून स्वतःच्या ध्वनिमुद्रणावर ताबा मिळवला. विली नेल्सन नॅशव्हिल सोडून टेक्ससमधल्या ऑस्टिनला गेला आणि १९७५ मध्ये मोजक्या वाद्यांवर ‘रेड हेडेड स्ट्रेंजर’ हा अल्बम केला. या बदलाला बाजारात चेहरा दिला तो आर.सी.ए.च्या जेरी ब्रॅडलीने. जानेवारी १९७६ मध्ये त्याने जेनिंग्ज, नेल्सन, जेसी कोल्टर आणि टॉमपॉल ग्लेझर यांची बरीचशी जुनीच ध्वनिमुद्रणे एकत्र करून ‘वाँटेड! द आउटलॉज’ काढला. मुखपृष्ठ फरारी गुन्हेगारांच्या जाहिरातीसारखे होते. प्लॅटिनम प्रमाणपत्र मिळालेला हा पहिला कंट्री अल्बम. ज्या कंपनीच्या ताब्याविरुद्ध भांडण होते, तिनेच चार चेहरे निवडून बंडाचा अधिकृत संग्रह विकला, आणि पुढच्या याद्या बहुतेक त्याच चेहऱ्यांभोवती फिरत राहिल्या.

त्या चेहऱ्यांमागे कोण होते ते पाहिले की यादी बदलते. जेनिंग्जचा १९७३ चा ‘हाँकी टाँक हीरोज’ हा अल्बम या प्रवाहाचा पाया मानला जातो. त्यातल्या दहापैकी नऊ गाण्यांच्या लेखनात बिली जो शेव्हर आहे. टेक्ससच्या कॉर्सिकानात जन्मलेला, लाकडाच्या गिरणीत बोटे गमावलेला हा माणूस होता, आणि ‘बंडखोर’ म्हणून गाजलेली रांगडी भाषा मुळात त्याची होती. ‘वाँटेड!’मधले काउबॉय-नायकांविषयीचे गाणे शॅरन व्हॉन या स्त्रीने लिहिले. मुलांना काउबॉय होऊ देऊ नका असे आयांना सांगणारे १९७८ चे गाजलेले गाणे एड आणि पॅट्सी ब्रूस या दांपत्याचे. डेव्हिड ॲलन को याची ओळख बनलेले गाणे शिकागोच्या स्टीव्ह गुडमनचे. विली नेल्सनला कंट्री गायक म्हणून पहिल्या क्रमांकावर नेणारे ‘ब्लू आइज क्राइंग इन द रेन’ हे फ्रेड रोजने कैक वर्षे आधी लिहिले होते. म्हणजे दाढीवाल्या, एकट्या, पुरुषी बंडखोराची जी प्रतिमा उभी राहिली, तिच्या शब्दांत स्त्रिया आहेत, शहरी माणसे आहेत, आधीच्या पिढीतले व्यावसायिक गीतकार आहेत. आवाजांची यादी हे सारे झाकते. गीतकारांची यादी तेच दाखवते.

मराठी वाचकाला हा विचार परका वाटू नये, कारण आपल्या परंपरेने यावर फार पूर्वी उपाय शोधला होता. अभंगाच्या शेवटी संताचे नाव येते, तसे पोवाड्याच्या शेवटी शाहिराचे. अफझलखानवधाचा पोवाडा अज्ञानदासाचा आणि तानाजीचा पोवाडा तुळशीदासाचा हे आपल्याला कळते ते त्यांनी रचनेतच गुंफलेल्या नाममुद्रेमुळे. एच. ए. ॲक्वर्थ आणि शंकर तुकाराम शाळिग्राम यांनी गोंधळी व शाहिरांच्या तोंडून पोवाडे गोळा करून १८९१ मध्ये छापले, तेव्हा दोन-अडीचशे वर्षे कागदाविना टिकलेली नावेही त्यांच्या हाती लागली. विसाव्या शतकात वामनदादा कर्डकांनी हीच रीत पाळली. त्यांच्या गीताच्या शेवटच्या कडव्यात ‘वामन’ येतो. त्यामुळे आंबेडकरी जलशांतून आणि गायन पार्ट्यांतून असंख्य गळ्यांनी गायलेले गाणे त्यांच्याकडे परत येऊ शकते. पण तबकडीची वेळ तीन-साडेतीन मिनिटांची, आणि कापायचे झाले तर कात्री पुष्कळदा शेवटच्या कडव्याला लागते. जिथे नाममुद्रा नाही तिथे तर आवाजच वारसा सांगतो. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. मुंबई सरकारने पुढे त्याच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णाभाऊंची ‘माझी मैना गावावर राहिली’ ही छक्कड अमर शेखांच्या पहाडी आवाजात घुमली, आणि अनेकांच्या स्मरणात ती त्या आवाजाचीच म्हणून राहिली. याच अण्णाभाऊंनी ‘तेलंगणाचा संग्राम’ हा पोवाडाही रचला होता. यादगिरी आणि अण्णाभाऊ हे एकाच लढ्याचे दोन भाषांतले कवी, हे नाते कोणत्याही आवाजाच्या यादीतून दिसणार नाही.

यावर पहिला आक्षेप चळवळीतूनच येईल. ही गाणी समूहाची आहेत, चालीही लोकांकडून घेतलेल्या आहेत, त्यांवर एकेकाचे नाव घालणे म्हणजे लोकधनावर खासगी मालकीची पाटी लावणे, असे म्हटले जाते. या म्हणण्यात तथ्य आहे. जन नाट्य मंडलीत गाणे गावात गायले जाई, लोक सुचवत तसे बदले, आणि मूळ मसुदा व शेवटचे रूप यांत बरेच अंतर पडे. पण समूहाच्या नावाने प्रत्यक्षात कोणाचे नाव राहिले ते पाहावे. नाव कुणाचेच राहिले नसते तर आक्षेप टिकला असता. इथे एकाचे राहिले, सर्वांत ओळखीच्या आवाजाचे. समूहाच्या नावाखाली जो गळला तो बहुतेक वेळा खालच्या जातीतला, खेड्यातला, छापखान्यापर्यंत न पोचलेला कवी होता. नाव नोंदवणे म्हणजे हक्क राखून ठेवणे नाही. गाणे सर्वांनी गावे, बदलावे, वाटावे, आणि ते पहिल्यांदा कुणी रचले हेही सांगावे. या दोन्ही गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे अभंगाने शतकानुशतके सिद्ध केले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. फरारी कवीचे नाव लिहिणे म्हणजे पोलिसांच्या हाती धागा देणे. निनावी राहणे हीच त्याची ढाल होती. हे पूर्णपणे मान्य. धोका असेपर्यंत संग्राहकाने गप्प राहावे, हेच त्याचे कर्तव्य. पण निजामाचे राज्य सप्टेंबर १९४८ मध्ये संपले, संयुक्त महाराष्ट्र १९६० मध्ये झाला, तेलंगणा राज्य २ जून २०१४ रोजी अस्तित्वात आले. ६ ऑगस्ट २०२३ रोजी गद्दर गेले तेव्हा त्यांना शासकीय इतमामात निरोप मिळाला, आणि आज तेलंगणा सरकारचे चित्रपट पुरस्कार त्यांच्या नावाने दिले जातात. ज्या आवाजाला एकेकाळी गोळी मिळाली त्याला आता सरकार गौरवते, हे योग्यच आहे. मग त्याच्याबरोबर लिहिणाऱ्यांची ढाल आता कशासाठी सांभाळायची? धोका सरल्यावरही चालू राहिलेली निनावी अवस्था त्यांचे रक्षण करत नाही, ती फक्त त्यांना विस्मृतीत लोटते.

तिसरा आक्षेप रसिकाचा. आवाज नसता तर शब्द कुणी ऐकले असते? शेव्हरला जेनिंग्ज मिळाला नसता, अंजय्यांना गद्दर मिळाला नसता, तर त्यांच्या वह्या घरातच राहिल्या असत्या. खरे आहे, आणि म्हणूनच आवाजाचे नाव काढून टाका असे मी म्हणत नाही. जीव धोक्यात घालून गाणे लोकांपर्यंत नेणाऱ्याचा मान मोठाच आहे. नॅशव्हिलमधला गायक कंपनीशी करारावरून भांडत होता आणि हैदराबादचा गायक अंगावर गोळ्या झेलत होता, हा फरकही विसरून चालणार नाही. दोघांच्या धैर्याची तुलना होऊ शकत नाही. तुलना होते ती फक्त त्यांच्या गाण्यांच्या नोंदीची, आणि तिथे दोन्हीकडे एकच उणीव दिसते. धंद्याने केलेला संग्रह असो की चळवळीने केलेला, लिहिणारा दोन्हींत मागे पडला.

ही उणीव भरून काढता येते, याचा पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्यातून हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी ऐंशीच्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांची संख्या एक लाखाच्या पुढे गेली. ज्या गाण्यांना कर्ता नाही असे सगळे गृहीत धरत होते, त्या ओव्यांसोबत त्यांनी गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव नोंदवले. त्यामुळे तो संग्रह ‘लोकगीते’ या ढोबळ सदराखाली विरून गेला नाही. मुळशी-मावळातल्या एकेका स्त्रीचे म्हणणे म्हणून तो आज वाचता येतो. अपौरुषेय मानलेल्या परंपरेत हे साधले, तर अवघ्या पन्नास-पाऊणशे वर्षांपूर्वीच्या, साक्षीदार अजून हयात असलेल्या गाण्यांच्या बाबतीत ते अशक्य असल्याची सबब चालणार नाही.

तेव्हा ज्याला बंडाच्या गाण्यांचा स्वतःचा संग्रह करायचा आहे, तेलुगू असो, मराठी असो की टेक्ससचा, त्याने प्रत्येक गाण्यापुढे चार गोष्टी लिहाव्यात: शब्द कुणाचे, चाल कुठून आली, गायले कुणी, आणि ते कोणत्या वर्षी कोणत्या लढ्यात गायले गेले. एकाच गाण्याची दोन-तीन रूपे मिळाली तर सगळी ठेवावीत, कारण बदलांतूनच समूहाचा हात दिसतो. शेवटचे कडवे कधीही कापू नये. जिथे नाव मिळत नाही तिथे गायकाचे नाव रचनाकार म्हणून न चिकटवता ती जागा रिकामी ठेवावी, म्हणजे पुढच्या कुणाला तरी ती भरता येईल. तारनाक्याच्या आसपास, सिकंदराबादेत, नांदेड-आदिलाबादच्या सीमेवर अजून अशी माणसे आहेत ज्यांना ही गाणी कोणत्या गावात कुणी बांधली ते ठाऊक आहे. त्यांचे वय झाले आहे. यादी करण्याआधी त्यांना विचारा, आणि त्यांनी सांगितलेले नाव गायकाच्या नावाआधी लिहा.